आई बोरीला हाय

आमच्या घरात आई एकच होती, आणि तिनं मला जन्म दिलेला नव्हता.

ती थोरल्या काकांची बायको. काकांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची मुलं आम्हा सगळ्यांत मोठी, ती तिला आई म्हणत, म्हणून मागून आलेल्या आम्ही पोरांनीही तीच हाक उचलली. मला जिनं जन्म दिला ती धाकट्या काकाची आणि दोन्ही आत्यांची वहिनी. दिवसभर घरात 'वहिनी, पाणी दे', 'वहिनी, माजा परकर कुटं हाय' असं चालायचं. मग मी तरी वेगळं काय म्हणणार? मीही तिला वहिनीच म्हणायचे. वडिलांना तात्या म्हणायचे, कारण सगळे तात्या म्हणायचे. एकत्र कुटुंबात तेव्हा असंच असायचं, घरोघरी मातीच्या चुली. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मी वहिनीच्या पोटची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी निजायचे तिच्याच कुशीत. पण पोटची असणं ही एक गोष्ट आणि आई ही दुसरी, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आई म्हणजे जिच्या कमरेला किल्ल्या असतात, जी पंगतीत वाढते आणि जिला विचारल्याशिवाय कुणी गुळाच्या मडक्याला हात लावत नाही, ती. वहिनीच्या कमरेला किल्ल्या नव्हत्या.

दुसरी एक रीत होती, तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू आपण घ्यायचं नाही. बापानं उचलायचं नाही, आईनं कुरवाळायचं नाही, आणि 'माझी मुलगी' हे शब्द तर तोंडातून काढायचेच नाहीत. भावाची पोरं घ्या, खांद्यावर नाचवा, बाजारातून त्यांना रेवड्या आणा. आपलं घेतलं की निर्लज्ज. भावाभावांत दुजाभाव होऊ नये म्हणून शहाण्या माणसांनी ही रीत पाडली म्हणे. शहाणी माणसं मेली, रीत राहिली. आप्पा दुकानात गेलेले असले की तात्या जाता जाता माझ्या डोक्यात टप्पल मारायचे. बापलेकीचं नातं म्हणायचं तर तेवढंच.

बोरीला आमचं किराणा दुकान होतं आणि थोडी जमीन. आम्ही लिंगायत, घरात सकाळी भस्म लावून पूजा झाल्याशिवाय कुणाच्या पोटात अन्न जात नसे. दिवस लढाईचे होते. कुठली लढाई ते मला माहीत नव्हतं, पण दुकानात घासलेट येत नाही एवढं कळत होतं. त्याच हिवाळ्यात वहिनीचं पोट वाढायला लागलं. बायकांनी आधी थट्टा केली, एकीनं तर डोहाळ्याची चिंचही आणून दिली. मग कळायला लागलं की हे ते नाही. वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले. वहिनी वाकून चालायला लागली आणि भाकऱ्या थापता थापता परातीवर डोकं टेकायला लागली.

दुकानावर एक कापसाचा व्यापारी यायचा. तो आप्पांना म्हणाला, "असं घरी ठेवून माणूस घालवाल तुमी. इंग्रजीत न्या. तिथं मिशनचा दवाखाना हाय. मडम पोट फाडून गोळा काडती अन् बाई पायानं चालत घरी येती."

इंग्रजी म्हणजे इंग्रजांचा मुलूख. आम्ही निजामाचे, आमची मोगलाई. हिंगोलीच्या पुढचा नाका ओलांडला की इंग्रजी सुरू. पलीकडे ज्वारी तीच, माती तीच, बोलणंही जवळजवळ तेच. पण पैसा वेगळा, शिपाई वेगळा, राजा वेगळा. आमच्यासाठी तो परदेशच. कुणी इंग्रजीत जाऊन आलं की आमच्या गल्लीतली माणसं त्याला बघायला जायची, जसा काही त्याला तिकडून नवा हात फुटून आलाय.

वहिनीनं त्या घरात कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या वेळी मागितलं. चुलीपाशी आईजवळ बसली, पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "आक्का, पोरीला संगं नेऊ द्या. परमुलखात जायचं, मडमच्या हाताखाली निजायचं, लय भ्या वाटायलंय. ती जवळ असली म्हंजी धीर ऱ्हाईल."

आई वाईट नव्हती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "ने की. तेवढाच लेकराला मुलूख दिसंल."

ज्वारीची काढणी तोंडावर आली होती, म्हणून आईला घर सोडता येत नव्हतं. दुसरी बाई बरोबर न्यावी हे कुणाला सुचलं नाही. गोळा काढून घ्यायचा आणि चार दिवसांत परत यायचं, असाच सगळ्यांचा समज. आप्पा, तात्या, वहिनी आणि मी, असे आम्ही निघालो.

परभणीपर्यंत बैलगाडी, मग आगगाडी. मी पहिल्यांदाच आगगाडीत बसत होते, पण त्या प्रवासातलं मला वेगळंच आठवतं. आप्पा खिडकीशी, त्यांच्या शेजारी तात्या, आणि समोरच्या बाकड्यावर डोक्यावरून पदर घेऊन वहिनी. थोरल्या भावासमोर बायकोशी बोलायचं नाही. पिंगळीला गाडी थांबली तेव्हा तात्या उतरून तांब्याभर पाणी घेऊन आले. आधी आप्पांना दिलं, मग तांब्या माझ्या हातात दिला आणि मान वहिनीकडं हलवली. दोघांत हातभर अंतर, आणि मधे मी.

"विचार, दुखायलंय का," तात्या मला म्हणाले.

मी वळून विचारलं, "दुखायलंय का?"

"न्हाई म्हणून सांग."

मी वळून सांगितलं, "न्हाई म्हणती." दुखत होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. पण मी सांगितलेला निरोपच पोचवत होते, आणि मला त्या कामाचा मोठा दिमाख वाटत होता. पूर्णेला गाडी बदलेपर्यंत नवराबायकोचा सगळा संसार माझ्या तोंडून चालला होता.

हिंगोलीला रूळ संपायचे. पुढं मोटार. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली होती आणि चढ आला की ती धापा टाकत उभी राहायची. मग पुरुषांनी उतरायचं. वहिनी उतरत नव्हती, पोटाखाली दोन्ही हात धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची.

नाक्यावर मात्र सगळ्यांनाच उतरवलं. करोडगिरीचा नाका तो, म्हणजे जकातीचा. कापड, चांदी, धान्य असलं काही इकडचं तिकडं जातंय का ते बघायचे. एका मिशाळ शिपायानं आमची वळकटी सोडली, पिठाच्या डब्यात हात घातला, आणि मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"ये बच्ची किसकी है?"

सरळ प्रश्न होता. तात्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "घरचंच लेकरू हाय, साहेब."

शिपायाला मजा वाटली असावी. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. दुकानात येणाऱ्यांमुळं मला ते बोलणं थोडं कळायचं. त्यानं तात्यांकडं बोट केलं. "ये कौन तेरे?"

"तात्या."

"और ये?"

"आप्पा."

"और वो बाई?"

"वहिनी."

"भाभी?" त्यानं डोळे मोठे केले. "तो तेरी माँ किधर है?"

"आई बोरीला हाय," मी म्हणाले.

"बोरी में?" तो ओरडलाच. त्यांच्यात बोरी म्हणजे गोणी. त्यानं साथीदाराला हाक मारली, "अरे सुनो, इसकी माँ बोरी में है!" आणि खाण्यापुरत्या ज्वारीच्या आमच्या छोट्या गोणीला काठीनं ढोसून म्हणाला, "इस बोरी में? निकलो अम्मा, बाहर निकलो!"

नाक्यावरची सगळी माणसं हसली. आप्पा हसले, तात्या खाली बघून हसले. मैलाच्या दगडावर बसलेली वहिनीसुद्धा हसली, आणि हसता हसता कळ येऊन अर्ध्यातच थांबली. मीच तेवढी चिडले होते. आई खरंच बोरीला होती, यात हसण्यासारखं काय होतं?

मोटार सुरू झाल्यावर वहिनीनं मला जवळ ओढलं. पुढं आप्पांची पाठ होती. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "मी कोण हाय गं तुजी?"

"वहिनी," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

इंग्रजीतलं ते गाव मोठं होतं. रस्त्यावर विजेचे दिवे होते. धर्मशाळेचा रखवालदार आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "मोगलाईतले का जी तुम्ही?" आणि ते असं म्हणाला की मला उगीच फ्रॉकवरची माती झटकावीशी वाटली. आप्पा, ज्यांच्यासमोर बोरीत कुणी मोठ्यानं बोलत नसे, ते त्या गावात प्रत्येकाला 'साहेब' म्हणायला लागले. आमचा निजामी हाली पैसा तिथला फुटाणेवालाही घेईना. परदेश म्हणतात तो हाच, मोठी माणसं लहान होतात तो.

दवाखाना लांबलचक, कौलारू, पुढं व्हरांडा आणि अंगणात एक चिंचेचं झाड. मडम गोरी, उंच, हात सारखे धुणारी. तिनं वहिनीचं पोट बघितलं आणि ठेवून घ्यायचं म्हणाली. वहिनीच्या अंगावरचे दागिने उतरवून आप्पांच्या हवाली केले. गळ्यातलं लिंग काढायला मात्र तिनं मान हलवून नकार दिला, तेव्हा मडमनंच ते तिच्या दंडाला फडक्यानं बांधून दिलं. मग नर्सबाई तिला धरून आत घेऊन गेली. दारातून वळून तिनं बघितलं ते माझ्याकडं. मी मागोमाग निघाले, तर दार लावून घेतलेलं.

बायकांच्या खोलीत पुरुषांना सोडत नसत. लहान मुलांनाही नाही. फक्त आजारी बाईची स्वतःची मुलं असतील तर दिवस कलताना थोडा वेळ आत जाऊ द्यायचे. म्हणजे आमच्या तिघांत वहिनीपर्यंत पोचू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते मी. हे मला आज समजतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आत जायचं आहे. ती मला बरोबर घेऊन आली ती त्यासाठीच.

पहिल्या संध्याकाळी नर्सबाई दारात उभी होती. ही पुण्या-नगरकडची असावी, पुस्तकातल्यासारखं बोलायची. काही मुलं आत जात होती. मीही रांगेत घुसले.

"तू कुणाकडे आलीस?"

"वहिनीकडं."

"भावजयीकडे? मग तुला नाही जाता येणार, बाळ. आपापल्या आईला भेटायला आलेल्या मुलांनाच सोडतो आम्ही. तुझी आई आहे का इथे?"

"न्हाई. आई बोरीला हाय."

नर्सबाई वाईट नव्हती. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि मागं उभ्या असलेल्या तात्यांना विचारलं, "ही त्या बाईंची मुलगी आहे का हो?"

तात्यांच्या शेजारी आप्पा उभे होते. तात्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी एकदा आप्पांकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाले, "घरचीच हाय."

"घरची म्हणजे? पुतणी?"

आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. लेकराचं काय काम आत? उगं भेईल." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की लहान मुलानं असलं काही बघू नये. आणि आप्पांनी एकदा 'ऱ्हाऊ द्या' म्हटलं की आमच्या घरात ते राहूनच जायचं.

नर्सबाईनं दार लावलं. मी रडले, पाय आपटले. तात्या मला घ्यायला वाकले, आप्पांकडं बघितलं आणि सरळ झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मागच्या बाजूला गेले. खिडक्या उंच होत्या, त्यांना जाळी लावलेली. कुठल्या खिडकीत ती, ते कळेना. मी जोरात हाक मारली, "वहिनीऽऽ!"

पलीकडून लगेच आवाज आला, "ओ! काय गं पोरी? जेवलीस का?"

मला केवढा आनंद झाला! मी म्हणाले, "जेवले. तू ये की बाहीर."

"येते, येते. तू ये की आत. मी वाट बगायलेय."

"सोडत न्हाईत."

यावर ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण रखवालदार आला आणि त्यानं मला हुसकून लावलं. मी आप्पांना सांगितलं, वहिनी बोलावती. आप्पा म्हणाले, "बरी झाली की बाहीर येईलच." मी तात्यांना सांगितलं. तात्यांनी डोक्यात टप्पल मारली, पण ती नेहमीसारखी लागली नाही.

मडमनं गोळा काढला. दोघा भावांना तो बोलावून दाखवलासुद्धा. आप्पा बाहेर येऊन पायरीवर बसले आणि शिव शिव करत राहिले. सगळं नीट झालं असं मडम म्हणाली होती. आता परत जायचं, असं मी मनात सुरूही केलं होतं. आगगाडीत पुन्हा तांब्या मीच नेणार होते.

मग ताप चढला. मी खिडकीखाली जाऊन हाका मारल्या, पण 'ओ' आली नाही. रखवालदारही आता हुसकत नव्हता, तो नुसता बघत होता.

त्या दुपारी मडमनं बर्फ आणायला सांगितलं. बर्फ मिळायचा तो बाजाराच्या पार पलीकडं, आणि आमची रस्त्याची-पैशाची सगळीच पंचाईत, म्हणून दोघं भाऊ मिळून गेले. जाताना आप्पांनी मला चिंचेखाली बसवलं. "हितून हलायचं न्हाई. कुणी काही इचारलं तर खरं सांगायचं." आप्पांचं सांगणं मी कधी मोडलं नव्हतं.

थोड्या वेळानं दार उघडलं. ही नर्सबाई दुसरी होती, घाईत होती, हात ओले होते. अंगणात पाच-दहा माणसं आपापली भाकरी सोडून बसली होती. ती ओरडली, "मोगलाईतल्या बाईंची मुलगी आहे का इथे कुणी? आई बोलावते आहे!"

कुणी उठलं नाही. मीही नाही.

ती पायऱ्या उतरून थेट माझ्याकडं आली. तिथं लहान मुलगी मी एकटीच होते. ती वाकून म्हणाली, "तुझी आई आत आहे का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "माजी आई बोरीला हाय."

"मग आत कोण आहे तुझं?"

"वहिनी."

"नक्की?"

मी जोरात मान हलवली. खरं सांगायचं होतं आणि मी खरंच सांगत होते. तिनं अंगणावरून एकदा नजर फिरवली, "मुलगी मुलगी करतायत, आणि इथे तर कोणीच नाही," असं काहीतरी पुटपुटली आणि धावत आत गेली. दार लावलं नाही, ते नुसतं लोटलं गेलं. उठून चार पायऱ्या चढले असते तर मी आत असते. पण हलायचं नाही असं सांगितलेलं होतं, आणि आत कुणाची तरी आई तिच्या मुलीला बोलावत होती. मला त्या मुलीचं वाईट वाटलं, एवढं मात्र आठवतं. कुठं गेली असेल ती, असं मी मनात म्हणाले.

तात्या आणि आप्पा आले तेव्हा तात्यांच्या डोक्यावर गोणपाटात बांधलेला बर्फ होता आणि पाणी त्यांच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. पहिली नर्सबाई दारात आली. तिनं बर्फाकडं बघितलं आणि मान हलवली. तात्या गोणपाट डोक्यावर तसंच धरून उभे राहिले.

"शेवटपर्यंत शुद्ध होती हो," नर्सबाई म्हणाली. "सारख्या म्हणत होत्या, माझ्या लेकीला आणा. आम्ही बाहेर येऊन विचारलं. मुलगी कुठे होती त्यांची? इथे तर फक्त ही पुतणी बसली होती."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं, गोणपाट सोडलं, बर्फाचा एक तुकडा मोडला आणि माझ्या हातात दिला. का दिला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. देण्यासारखं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. मी बर्फ पहिल्यांदाच बघत होते. हाताला चटका बसला तसा तो मी या हातातून त्या हातात करत राहिले, आणि तो संपला.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. त्या गावात दोन-चार लिंगायत दुकानदार निघाले, त्यांनी विधीसाठी जंगम आणला आणि जागाही दाखवली. बसवून, दंडाचं लिंग हातात देऊन तिला मातीत ठेवलं. मला लांब उभं केलं होतं. म्हणजे वहिनी इंग्रजीतच राहिली. आम्ही तिघं परत निघालो.

नाक्यावर तोच मिशाळ शिपाई. त्यानं मला लगेच ओळखलं. वळकटी सोडायचं विसरून हसत म्हणाला, "क्यों बेटी, माँ मिली क्या बोरी में?"

कुणी हसलं नाही. त्यानं आप्पांकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, मोटारीत डोकावलं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं टोपी काढली.

तात्या पुढं झाले. आप्पा तिथंच होते, हातभर अंतरावर. तात्यांनी मला उचललं, पार खांद्यापर्यंत, आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब, ही माजी लेक हाय. माजी. हिची माय तिकडं ऱ्हाईली."

आप्पांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे टिपले. शिपायानं वळकटीला हातही लावला नाही. तात्या मला घेऊनच मोटारीत चढले.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते इथं डोळे पुसतात, बापाचं मन कसं उफाळून आलं म्हणतात. मी नाही पुसत. बैल गेला आणि झोपा केला. ते शब्द बोलायची जागा नाका नव्हती, दवाखान्याचं दार होतं. तिथं ऐकणारी एक नर्सबाई होती आणि पलीकडं वाट बघणारी बाई होती. नाक्यावर कोण होतं ऐकायला? मी. आणि मला तर त्यातलं कळलंही नाही. मी तात्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "माय न्हाई ऱ्हाईली तिकडं. आई बोरीला हाय की." त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझी बरगडी दुखली.

बोरीला गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. मला बघून त्यांनी गळा काढला, "पोरीची आई गेली गं बाई!" मी घाबरून धावत आत गेले. आई चुलीपाशी होती, कमरेला किल्ल्या होत्या. मी तिला मिठी मारली आणि बाहेरच्यांना ओरडून सांगितलं की आई जिवंत आहे. मग तीही रडायला लागली.

पुढं मी सासरी गेले, मला मुलं झाली. तिथंही मोठं कुटुंब, तिथंही मला सगळे काकू म्हणायचे. माझ्या पोरानं पहिल्यांदा 'काकू' म्हटलं तेव्हा मी सासूसमोर, दिरासमोर, भर पंगतीत त्याला दरडावलं, "आई म्हण." चांगलीच बोलणी खाल्ली. पुढच्या पोरांनाही तेच शिकवलं आणि पुन्हा बोलणी खाल्ली.

माझा दोष नव्हता, असं सगळे म्हणतात. ते मलाही माहीत आहे. सहा-सात वर्षांच्या पोरीनं विचारल्याचं खरं उत्तर दिलं, त्यात दोष कसला? त्यानं काही हलकं होत नाही, एवढंच. हातात काहीच नसताना दोष नसला काय आणि असला काय.

एकदा, अगदी म्हातारपणी, घरात कुणी नसताना मी तिला 'आई' म्हणून हाक मारून बघितली. डोळे मिटून, मोठ्यानं. डोळ्यांपुढं आली ती किल्ल्यांची बोरीची आईच. मग मी तो नाद सोडला. आता आठवण आली की मी 'वहिनी' अशीच हाक मारते. त्याच हाकेला तिनं जाळीपलीकडून 'ओ' दिली होती. दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर ती मी आहे, हे तिला कसं कळणार?